गुरुजींच्या दोन बायका

माझं लग्न झालं तेव्हा जालना जिल्हा जेमतेम वर्षभराचा होता. त्याआधी आम्ही सगळे औरंगाबाद जिल्ह्यातले. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर जिल्हा औरंगाबाद आणि लग्नपत्रिकेवर जिल्हा जालना. गाव जागच्या जागी आणि जिल्हा बदललेला. त्यामुळं माणूस तेच राहून नाव तेवढं बदलतं, यात मला त्या वेळी फारसं वावगं वाटलं नाही.

माहेर माझं वडीगोद्रीचं. वडलांचं रस्त्याला लागूनच खता-बियाण्याचं छोटं दुकान होतं. सासर हसनाबाद, भोकरदन तालुक्यात. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरी विधवा सासू आणि थोडी जमीन. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणायचे.

मला बघायला आले तेव्हा आत्याबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "नाव काय पोरी तुझं?"

मी सांगितलं. सोबत आलेले दोघं-तिघं एकमेकांकडं बघून हसायला लागले. माझ्या वडलांना वाटलं, काहीतरी बिनसलं. मग कळलं की माझं आणि आत्याबाईंचं नाव एकच आहे. एका घरात सासू-सुनेचं नाव एक चालत नाही. हाक मारायची पंचाईत. शिवाय मुलानं आईच्या नावानं बायकोला बोलवायचं कसं, ही आणखी मोठी पंचाईत. वडील हळूच म्हणाले, "मंग आता?"

आत्याबाई म्हणाल्या, "नावाचं काय, ते बदलून घेऊ. पोरगी बदलायची न्हाई म्हंजे झालं."

ती दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. माहेरचं चार अक्षरी होतं आणि सासरचं दोन अक्षरी, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हसनाबादच्या घरी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याच्या हातात अंगठी दिली. आत्याबाई वाकून त्यांच्या कानात काहीतरी म्हणाल्या. ते शिक्षक. त्यांनी अंगठीनं ती दोन अक्षरं अशी घोटून काढली आणि वर अशी सरळ शिरोरेषा दिली, की मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, ताट हाय ते, फळा न्हाई." सगळे हसले. हेच नाव का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी काय काय विचारायचं?

नाव बदललं, पण कान बदलायला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी आत्याबाई अंगणातून हाका मारत होत्या. कुणाला एवढं बोलावतायत आणि ती बाई ओ का देत नाही, म्हणून मीच दारातून वाकून बघितलं. तेवढ्यात शेजारणीनं विचारलं, "सून बहिरी हाय का काय?" आत्याबाई रागावल्या नाहीत. माझ्याकडं बघत एवढंच म्हणाल्या, "व्हईल सवय."

सवय झाली, पण मनातून ते नाव मला कधी आवडलं नाही. जुनाट वाटायचं. माहेरी पत्र लिहिलं की खाली मी माझं चार अक्षरी नाव जरा मोठ्या अक्षरात लिहायचे. नवरा दोन्हीपैकी कुठल्याच नावानं हाक मारत नसत. त्यांचं आपलं "ऐकलं का". माहेरच्या नावात त्यांना आई दिसायची, आणि सासरच्या नावाला मी उशिरा ओ द्यायचे.

मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी गावात अंगणवाडीची जागा निघाली. मी अर्ज केला. अर्जाला दहावीचं प्रमाणपत्र जोडायचं होतं आणि त्यावर नाव माहेरचं. म्हणून अर्जातही पहिलं नाव माहेरचं घातलं, पुढं नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. त्याच नावानं मला नेमणूक मिळाली. इकडं नवऱ्याच्या नोकरीच्या सेवापुस्तकात वारस म्हणून पत्नीचं नाव होतं ते सासरचं, कारण ते त्यांनी लग्नानंतर लगेच लिहून दिलं होतं. रेशनकार्डावरही सासरचंच. असे दोन कागद दोन कपाटांत दहा-बारा वर्षं शांत पडून होते. दोन्ही एकदम वाचायचं कुणाला काही कारण नव्हतं.

मग दोन हजार साल उलटल्यावर कुणीतरी ते वाचले.

मार्गशीर्षातली सकाळ होती. आत्याबाई अंगणात तूर पाखडत होत्या, मी आत स्वयंपाक करत होते. दाराशी मोटारसायकल थांबली. एक बारीक अंगाचे, मानेला रुमाल गुंडाळलेले गृहस्थ उतरले. भोकरदनच्या पंचायत समितीतले शिक्षण विस्तार अधिकारी. आत ऐकू येत होतं सगळं.

"गुरुजी आहेत का?"

"शाळेत हायेत. बसा."

"आणि त्यांच्या घरच्या?"

"हाय की. भाकरी करून राह्यली."

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या कोन?"

"दुसऱ्या पत्नी."

सुपाचा आवाज थांबला. "साहेब," आत्याबाई म्हणाल्या, "तुमचं गाव चुकलं. हे हसनाबाद हाय."

"गाव बरोबर आहे, आई. अर्ज आलाय."

"दुसरी सून असती तर मी या वयात तूर पाखडत बसले असते का?"

मी हात धुऊन बाहेर आले. साहेबांनी मला नमस्कार केला आणि माझ्या मागं दारात बघितलं, आणखी कुणी येतंय का म्हणून.

शाळेतून गुरुजींना बोलावून आणलं. साहेबांनी पिशवीतून अर्ज काढला. निनावी होता. लिहिलं होतं की या शिक्षकानं पहिली पत्नी हयात असताना दुसरी केली. सेवापुस्तकात एक दाखवली आणि दुसरीला अंगणवाडीत चिकटवली. दोघींची नावं खाली दिली होती, पूर्ण नावं, आणि दोन्ही अगदी बरोबर. सरकारी माणसाला एक बायको असताना दुसरी करता येत नाही, नोकरी जाते. आणि हिंदूंना तर कायद्यानंच बंदी. हे आम्हाला माहीत होतं. त्यामुळं ऐकताना आधी हसू आलं आणि लगेच विरलं.

नवऱ्यानं अर्ज हातात घेतला, चष्मा लावला आणि वाचता वाचता खिशातला लाल पेन काढला. 'पत्नि'ची वेलांटी त्यांनी सुधारली आणि 'चौकशि'खाली रेघ ओढली. तेवढ्यात साहेबांनी अर्ज ओढून घेतला.

"अहो गुरुजी, हा पुरावा आहे."

"माझ्याच हाताखालचा हाय हा," नवरा म्हणाले. "चौकशी शब्द तिसरीत घोटून घेतला होता. तरी हेच लिहितो."

"कोण आहे?" साहेबांनी पटकन विचारलं.

"ते न्हाई सांगणार. विद्यार्थी हाय माझा."

मलाही त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढं कितीतरी महिने गावातला कुणी काही लिहिताना दिसला की मी वाकून त्याची वेलांटी बघायचे. त्या हिशेबानं निम्मं गाव संशयित निघालं.

मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. एक माहेरचं नाव, एक सासरचं, बाई एकच. त्यांना ते लगेच पटलं. त्यांच्या बायकोचंही बदललेलंच होतं म्हणे. पण ते म्हणाले, "ताई, मला पटून उपयोग नाही. अर्जात दोघी आहेत. मला दोघींचे जबाब दाखवावे लागतील. एकच दाखवला तर वरून विचारतील, दुसरीला का सोडलं."

"एका बाईचे दोन जबाब कसे घेणार?"

"एकामागून एक," ते म्हणाले.

मग ओसरीवर सतरंजी टाकून ते बसले आणि समोर मी. पहिला जबाब सासरच्या नावाचा झाला. वय, शिक्षण, लग्न कधी झालं, कुठं झालं, मुलं किती. मी सही केली. त्यांनी कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि वर माझं माहेरचं नाव लिहिलं.

"लग्न कधी झालं?"

"मघाशी सांगितलं तेव्हाच."

"मघाशी तुम्ही नव्हता, ताई. मघाशी त्या होत्या."

मी परत सगळं सांगितलं. तेच साल, तेच गाव, तोच मांडव. त्यांनी सगळं परत लिहिलं.

"पतीच्या दुसऱ्या पत्नीबद्दल आपली काही तक्रार?"

"एकच हाय. मी जेवायला बसले की तीबी बसते."

साहेब हसले, पण लिहिलं नाही. लिहिलं ते 'तक्रार नाही' एवढंच. मी दुसरी सही केली. त्यांनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. अक्षर हुबेहूब एक.

"एकीचा अंगठा घ्या मंग," आत्याबाईंनी तोड सुचवली.

"अंगठा कसा घेणार, आई? दोघी दहावी पास आहेत."

शेवटी त्यांनी विचारलं, "नाव बदललं त्याची काही नोंद आहे का? काही लेखी?"

"हाय ना," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यानंच लिवलं. तांदळात."

"ते तांदूळ?"

"दुसऱ्या दिवशी भात केला. पाव्हणे होते घरात."

चहा पिऊन निघताना साहेबांनी दोन कागद मागितले. एक लग्नाची नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र आणि दुसरं तहसीलमधलं प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं. ते येईपर्यंत चौकशी चालू राहणार. माणूस भला होता. पण मोटारसायकल गेल्यावर नवरा ओसरीवर बराच वेळ तसेच बसून राहिले. वीस वर्षांची नोकरी, हजेरीत कधी एक लेटमार्क नाही, आणि आता शाळेत सगळे आपल्याकडं कसे बघतील, याची त्यांना लाज वाटत होती. मलाही अंगणवाडीत लेकरांच्या आया हसून विचारायला लागल्या, "बाई, दुसरी कुठं लपवली?" मी हसायचे. घरी आले की मात्र हसू यायचं नाही. माझ्याच नावानं माझंच घर अडचणीत आलं होतं, आणि चूक कुणाची म्हणावी तेच कळत नव्हतं.

लग्नाची नोंद आमच्या वेळी खेड्यात कुणी करत नसे. नोंद नसली म्हणून लग्न खोटं ठरत नाही, हे खरं. मांडवात शे-पाचशे माणसं जेवली म्हणजे लग्न झालं. पण ती माणसं साहेबांच्या पिशवीत मावत नव्हती. नव्या कायद्यानं आता ग्रामपंचायतीतच नोंद व्हायला लागली होती. आम्ही ग्रामसेवकाकडं गेलो. तो नवा, तरुण मुलगा. त्यानं छापील अर्ज काढला आणि म्हणाला, "वधू-वरांचा फोटो लागंल."

आमचा दोघांचाच असा फोटो नव्हता. लग्नातल्या एका फोटोत आम्ही होतो, पण मध्ये माझा मामा उभा. म्हणून गावातल्या स्टुडिओत जाऊन काढला. फोटोवाला म्हणाला, जरा जवळ बसा. नवरा खुर्चीसकट दोन बोटं सरकले आणि तेवढ्यातच घामाघूम झाले.

नोंदीच्या दिवशी मी अंगणवाडीतून तशीच आले होते, साडीच्या काठाला खिचडीचा डाग. ग्रामसेवकानं पुकारलं, "वधूनं इथं सही करा." मी इकडंतिकडं बघितलं. मग लक्षात आलं, वधू म्हणजे मीच. वरानं चष्मा पुसला आणि सही केली. साक्षीदार म्हणून आत्याबाईंनी अंगठा दिला, शेजारच्या काकांनी सही केली, आणि तिसरे होते शाळेचे मुख्याध्यापक. आमचं लग्न लावणारे भटजी वारले होते, पण घरात एक लग्नपत्रिका सापडली. आत्याबाईंनी ती देवाच्या पाटाखाली इतकी वर्षं जपून ठेवली होती.

प्रमाणपत्र हातात पडलं. त्यात वधूचं नाव लग्नाआधीचं, म्हणजे माहेरचं, वडलांच्या नावासकट. मला बरं वाटलं. किती वर्षांनी ते पूर्ण नाव मी छापलेलं बघत होते. आम्ही ते घेऊन भोकरदनला साहेबांकडं गेलो. त्यांनी दोनदा वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"गुरुजी, यानं तर भलतंच झालं. अंगणवाडीतल्या बाई तुमच्या कायदेशीर पत्नी ठरल्या. आता सेवापुस्तकातल्या बाई कोण, हे सांगावं लागेल."

म्हणजे इतके दिवस दुसरी माहेरची होती, आता सासरची झाली. मला दोघींचीही दया यायला लागली.

तहसील कचेरी तिथून जवळच. आवारात लिंबाखाली टेबल टाकून एक म्हातारे अर्जनवीस बसायचे. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, समोर टाइपरायटर. नवऱ्यानं सगळी हकीकत सांगितली. ते मधूनमधून मान हलवत होते.

"बिलकुल फिकर करू नका, गुरुजी. असे रोज येतात. कोनी जमिनीसाठी, कोनी पेन्शनसाठी. बाईमाणसाची दोन नावं म्हंजे आमचं निम्मं पोट. फक्त दोन्ही नावं पहिल्यापासून ठाऊक असलेलं घरचं एक मानूस पायजे."

ते माणूस आम्ही सोबतच आणलं होतं. आत्याबाई लिंबाच्या पारावर बसून पान लावत होत्या. अर्जनवीसांनी माझा मजकूर टाइप केला, मग कागद बदलून त्यांना विचारलं, "अम्मा, तुमचं नाव?"

आत्याबाईंनी सांगितलं.

"हे तर सुनेचं माहेरचं."

"तिचं माझं एकच. म्हनून तर बदललं तिचं."

"अस्सं." टाइपरायटर खडखडला आणि थांबला. म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे. कागदासाठी गरज नव्हती, सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "अन् तुमचं हे मूळचंच का लग्नात बदललेलं?"

"बदललेलं."

"मंग मूळचं काय होतं?"

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. लिंबाकडं बघत त्यांनी दोन अक्षरं उच्चारली.

ते माझं सासरचं नाव होतं.

अर्जनवीस समजुतीनं म्हणाले, "अम्मा, सुनेचं न्हाई. तुमचं विचारून राह्यलो."

"माझंच सांगून राह्यले."

मी नवऱ्याकडं बघितलं. त्यांना वाटत असणार मला माहीत असेल, मला वाटत होतं त्यांना माहीत असेल. पोटच्या पोरालाही आईचं पहिलं नाव माहीत नव्हतं. म्हाताऱ्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, परत लावला आणि म्हणाला, "लिहायची गरज न्हाई हे. पन चांगलं नाव हाय, अम्मा." मग शिपायानं आत बोलावलं, तहसीलदारांपुढं सह्या-अंगठे झाले, शिक्के बसले आणि आम्ही स्टँडवर आलो.

हसनाबादच्या गाडीत आत्याबाईंना खिडकी मिळाली. मी शेजारी. नवरा मागं उभे. गाव मागं पडल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?"

"कोनी इचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं.

"बारा वर्साची होते," त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "इकडं आले अन् दुसऱ्याच दिवशी दुसरं नाव. माझ्या सासूला माझं आवडलं न्हाई म्हनं. लई दिवस कळायचंच न्हाई, कोनाला हाक मारून राह्यले. तू आली, तुझं बदलायचं ठरलं, तवा म्हनलं आपलं देऊ. चांगलं नाव होतं. तसंच पडून होतं."

मी वीस वर्षं त्या नावाला जुनाट म्हणत होते. मी त्यांच्या मांडीवरची पानाची पिशवी उगाच नीट करून ठेवली. त्या म्हणाल्या, "रडू नको, गाडीत मानसं हायेत." मी रडत नव्हते. पण त्या म्हणाल्यावर डोळ्यांत पाणी आलं.

मी मनात ठरवून गेले होते की, या निमित्तानं सगळीकडं माहेरचंच नाव लावून घ्यायचं, सासरचं कायमचं सोडायचं. आता ते जमेना. मी मागं वळून नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्हाला कोणतं बरं वाटतं?"

त्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, "मला दोन्हीची सवय न्हाई."

शेवटी पंचायत समितीच्या साहेबांनीच मार्ग काढला. सेवापुस्तकात माझं माहेरचं नाव लिहिलं, पुढं 'ऊर्फ', आणि मग सासरचं. ऊर्फ हा शब्द मी तोवर पेपरात फक्त पकडलेल्या चोरांच्या नावात वाचला होता. पण कागद जुळले. दोन महिन्यांनी चौकशी बंद झाल्याचं पत्र आलं. त्यात म्हटलं होतं की सदर शिक्षकास एकच पत्नी असल्याचे दिसून येते. 'दिसून येते' हे वाचून नवरा जरा नाराज झाले. आत्याबाईंना मी पत्र वाचून दाखवलं, त्यातल्या माझ्या ऊर्फवाल्या नावासकट.

"ऊर्फ म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे दोन्ही मीच."

त्यांनी पत्रावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मंग माझं बी ऊर्फ लावा."

आम्हाला वाटलं गंमत करतायत. पण त्या मागंच लागल्या. नवऱ्यानं रेशनकार्डासाठी अर्ज लिहिला. कचेरीतला कारकून म्हणाला, या वयात कशाला, पुरावा काय. तेव्हा आत्याबाई स्वतः टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हाय की." दोन खेपा झाल्या, पण कार्डावर त्यांचंही ऊर्फ लागलं आणि माझंही; तिथं माझं सासरचं नाव आधीपासून होतं, त्यापुढं माहेरचं आलं. आता आमच्या कार्डावर दोन बाया, दोघींना तीच दोन नावं, फक्त उलटसुलट. रेशनवाल्याला अजून ते नीट कळलेलं नाही. तो आम्हाला थोरली आणि धाकटी म्हणतो.

त्यापुढच्या दिवाळीत आत्याबाई म्हणाल्या, भाऊबीजेला भावाकडं न्या. त्यांचं माहेर अंबड तालुक्यात, अंकुशनगरच्या साखर कारखान्याजवळचं एक गाव. माझ्या माहेरच्याच वाटेवर. आईवडील गेल्यापासून त्या गेल्याच नव्हत्या. जालन्याला गाडी बदलून आम्ही तिघं गेलो. कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, रस्ताभर उसाच्या गाड्या.

भाऊ सत्तरीला आलेला, कमरेत वाकलेला. तो दारात येऊन म्हणाला, "अक्का, आली का."

आत्याबाईंनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. जेवणं झाल्यावर मी त्यांच्या भावाला बाजूला घेऊन विचारलं, "मामा, आत्याबाईंचं लहानपणीचं नाव काय होतं?"

त्यांनी डोकं खाजवलं. "आम्ही तर अक्काच म्हनायचो. मोठी ना ती. नाव आसंल की कायतरी."

आत्याबाईंनी ते ऐकलं आणि ओवाळायचं ताट पुढं ओढलं. ओवाळणं झालं. दुपार कलल्यावर आम्ही निघायच्या तयारीनं ओट्यावर आलो. समोरच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. ती त्याच गावची लेक, गावातच दिलेली, त्यामुळं गाव कधी सुटलंच नव्हतं. दिसत तिला कमीच असणार. तिनं कपाळावर हात धरून आमच्याकडं बघितलं आणि रस्त्यापलीकडून मोठ्यानं ती दोन अक्षरी हाक मारली.

"ओ," मी म्हणाले.

माझ्याबरोबरच शेजारून आत्याबाईही म्हणाल्या, "ओ."

म्हातारी गोंधळून एकदा माझ्याकडं आणि एकदा त्यांच्याकडं बघत राहिली. आत्याबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "तू थांब," त्या म्हणाल्या. "मला बोलावलं."

चपला न घालताच त्या रस्ता ओलांडून गेल्या. उसाची एक गाडी मध्ये आली, ती जाईपर्यंत मला दोघी दिसल्या नाहीत. गाडी गेल्यावर बघितलं तर दोघी त्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या आणि एकमेकींचं न ऐकता एकदमच बोलत होत्या. नवऱ्यानं घड्याळ बघितलं. जालन्याची गाडी यायची वेळ झाली होती. मी म्हणाले, "राहू द्या, पुढच्या गाडीनं जाऊ," आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.